'थँक्यू प्रभू' म्हटल्यानंतर काय? देवाच्या आशीर्वादांना उत्तर देण्याबद्दल

मोहरीचा दाणा
बायबल अभ्यासाच्या गटासाठी चार आठवड्यांचा विषय बसवायचा आहे: देवाचे आशीर्वाद आणि त्यांना आपलं उत्तर. वचनं भरपूर मिळतात, तो प्रश्न नाही. अडचण अशी की चर्चा दर वेळी 'आपण कृतज्ञ राहिलं पाहिजे' इथे येऊन थांबते आणि सगळे माना डोलावून घरी जातात. कृतज्ञ राहायचं म्हणजे सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं? प्रार्थनेत, पैशात, चारचौघांत? आणि कुठे फसतं? जाणकारांनी सविस्तर लिहावं. नुसते अध्याय-वचनांचे आकडे टाकून जाऊ नका, एवढीच विनंती.

शोमरोनी
सुरुवात लूक १७ मधल्या दहा कुष्ठरोग्यांपासून करा (येशूने दहांना बरं केलं, आभार मानायला एकच परत आला), पण 'नऊ कृतघ्न, एक चांगला' असं शिकवू नका. तसं शिकवलं की ऐकणारा लगेच स्वतःला दहाव्यात धरतो आणि विषय संपतो.

नऊ जणांनी आज्ञा मोडलेली नाही. येशूने 'याजकांना दाखवा' म्हटलं आणि ते निघाले. लेवीय १४ मधला शुद्धीचा विधी वाचून दाखवा गटात: दोन पक्षी, गंधसरूचं लाकूड, किरमिजी सूत, एजोब, सातव्या दिवशी अंगावरचे सगळे केस काढायचे, आठव्या दिवशी अर्पण. घरी आणि समाजात परत जाण्याची वाट तिथूनच होती. त्यांची घाई कुणालाही समजेल. नऊ जण आपलं धार्मिक काम चोख करत होते आणि त्यातच आभार राहून गेले. नियमित उपासनेला जाणाऱ्या माणसाला ही गोष्ट टोचायला हवी ती इथे.

दहाव्याच्या क्रिया क्रमाने लिहा: आपण बरे झालो हे त्याने पाहिलं, तो वळला, मोठ्याने देवाचा गौरव केला, पायांशी पडला. आपलं घोडं पहिल्याच पायरीवर अडतं. जे पाहिलंच नाही त्याचे आभार कसे मानणार?

शुद्ध दहाही झाले. 'तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे' हे मात्र एकालाच ऐकायला मिळालं, आणि मूळ ग्रीकमध्ये 'शुद्ध होणं' आणि 'तारलं जाणं' हे दोन वेगळे शब्द आहेत.

कोरा कागद
वा, शोमरोनी. याला जोडून जुन्या करारातला उपकारस्तुतीचा यज्ञ घ्या, लेवीय ७:१२–१५. लेवीय म्हटलं की लोक पान उलटतात, पण 'नेमकं काय करायचं' याचं उत्तर तिथे आहे.

शांत्यर्पणाचा, म्हणजे देवाशी सलोख्याच्या अर्पणाचा, हा एक प्रकार. पशूबरोबर बेखमीर पोळ्या, तेल लावलेल्या चपात्या, तेलात मळलेल्या सपिठाच्या पोळ्या आणि शिवाय खमीर घातलेल्या भाकरीही. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाच्या परंपरेत याचा हिशेब दिलेला आहे: चार प्रकार, प्रत्येकी १०, एकूण ४०. प्रत्येक प्रकारातली एक याजकाला, उरल्या ३६. आता अट बघा. मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. नवसाचं किंवा खुशीचं अर्पण दुसऱ्या दिवशीही चालतं (७:१६), उपकारस्तुतीचं नाही. एक आख्खा पशू आणि ३६ भाकऱ्या एका घराने एका दिवसात संपवायच्या कशा? माणसं बोलवावीच लागणार. बोलावलं की 'कशानिमित्त?' हा प्रश्न येणार आणि सांगावंही लागणार. नियमातच साक्ष आणि पंगत दोन्ही बसवलेली आहेत. आभार एकट्याने उरकायची सोयच ठेवलेली नाही.

हिब्रू शब्द 'तोदा'. हाच शब्द यहोशवा ७:१९ मध्ये लूट लपवणाऱ्या आखानाला उद्देशून येतो, तिथे अर्थ कबुलीकडे झुकतो. उपकारांची कबुली आणि पापाची कबुली एकाच शब्दात. 'हे माझं कर्तृत्व नाही' असं मान्य करणं हा दोन्हींचा गाभा आहे. (मराठीत 'उपकार मानणे' म्हणतो, त्यातलं 'मानणे' तेच की.)

थोमा
सगळं छान, पण मूळ शंका. देवाने दिलं म्हणून आपण द्यायचं, ही परतफेडच झाली ना? मग कृपा कुठे राहिली? आणि उलट बाजूने, 'आभार माना म्हणजे अजून मिळेल' अशी शिकवण सर्रास चालते, तिचं काय?

कोरा कागद
रास्त शंका. स्तोत्र ११६ चा कर्ता हाच प्रश्न विचारतो: देवाने केलेल्या सगळ्या उपकारांचा मी उतराई कसा होऊ? त्याचं उत्तर चमत्कारिक आहे. मी तारणाचा प्याला उचलीन आणि त्याचा धावा करीन. म्हणजे फेड म्हणून तो काही देत नाही, आणखी घेतो आणि आणखी मागतो. नवस फेडण्याची गोष्ट त्यानंतर येते, तीही 'त्याच्या सर्व लोकांसमोर'. स्तोत्र ५० तर सरळच सांगतं: मला भूक लागली तर ती मी तुला सांगणार नाही, जग माझंच आहे, तू उपकारस्तुती अर्पण कर. देवाच्या घरात कमी काही नाही. आपण भरून काय काढणार?

१५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीची (प्रोटेस्टंट शिकवणीचं प्रश्नोत्तररूपी पुस्तक) रचना इथे उपयोगी पडेल. १२९ प्रश्न, तीन भाग: माणसाची दुर्दशा, सुटका आणि कृतज्ञता. दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना कुठे ठेवल्या आहेत? तिसऱ्या भागात. आज्ञा पाळल्याने सुटका होत नाही. सुटका झालेला माणूस आभार कसे मानतो, हे त्या आज्ञा दाखवतात. गटाला आधी विचारा, दहा आज्ञा कोणत्या भागात असतील? बहुतेक जण पहिला भाग म्हणतील, आणि खरी चर्चा तिथून सुरू होईल.

दुसऱ्या शंकेबद्दल: 'आभार माना, दुप्पट मिळेल' हा व्याजाचा व्यवहार झाला. ओळखायची खूण सोपी आहे. मिळालं नाही तर तोच माणूस आभार मानणं थांबवतो का?

खजिनदार
पैशाचा भाग लिहितो. गटात लोक यावरच सर्वांत गुळमुळीत बोलतात.

पहिली गोष्ट, 'जुना करार म्हणजे १० टक्के' इतकं सरळ नाही. गणना १८ मधला दशमांश, म्हणजे दहावा भाग, लेव्यांचा (देवाच्या सेवेला नेमलेला वंश), आणि लेव्यांनीही त्यातला दहावा भाग पुढे द्यायचा. अनुवाद १४ मधला दशमांश देणाऱ्या कुटुंबाने देवासमोर आनंदाने खायचा. अंतर लांब असेल तर विकून पैसे न्यायचे आणि तिथे हवं ते घ्यायचं. दर तिसऱ्या वर्षीचा गावातच साठवायचा, लेवी, उपरी, अनाथ आणि विधवांसाठी. हे वेगवेगळे दशमांश की एकाचेच प्रकार, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण देवाची सेवा, कुटुंबाचा आनंद आणि गरिबांचा वाटा, तिन्ही त्यात आहेत. आपण पहिल्याचंच प्रवचन देतो.

नव्या करारात टक्का दिलेला नाही. पद्धत दिली आहे, १ करिंथ १६:२ या एका वचनात: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकाने, आपल्याजवळ बाजूला काढून, मिळकतीच्या मानाने. व्यवहारात ते असं:

उत्पन्न हातात आलं की वाटा आधी बाजूला. 'महिनाअखेर उरेल ते देऊ' म्हटलं की उरत नाही; कंजूषपणा नसतो, खर्च पसरतो म्हणून. किती द्यायचं हे ठरवण्याआधी मागच्या तीन महिन्यांत खरोखर दिलेली रक्कम भागिले त्या काळातलं उत्पन्न, हा आकडा कागदावर काढा. मनातला आकडा आणि कागदावरचा आकडा क्वचितच जुळतात. मग तिथून सहा-सहा महिन्यांनी एकेक टक्का वाढवत न्या. एकदम उडी मारली की तिसऱ्या महिन्यात सगळंच बंद पडतं. उत्पन्न अनियमित असेल तर रक्कम ठरवू नका, टक्का ठरवा. धंदा असेल तर नफ्यावर मोजा: १०० ची विक्री, ७० खर्च, वाटा ३० वर.

कर्ज काढून अर्पण नको. २ करिंथ ८:१२ स्पष्ट आहे, जे आहे त्याच्या मानाने, नाही त्याच्या नव्हे. आणि आईवडिलांचा खर्च मारून तर मुळीच नको. मार्क ७ मध्ये 'कुर्बान', म्हणजे 'हे देवाला अर्पण', असं म्हणून आईवडिलांच्या मदतीपासून हात झटकणाऱ्यांना येशूने झापलंय.

दर्जाची कसोटी मलाखी १:८ मध्ये आहे: आंधळी, लंगडी जनावरं तुझ्या अधिपतीला देऊन बघ, तो घेईल का? घरातले फाटके कपडे आणि बंद पडलेलं यंत्र 'देवाच्या कामाला' देताना हे वचन आठवावं.

मंडळीच्या बाजूनेही कृतज्ञता असते, ती हिशेबात दिसते. पौल मदतीची रक्कम एकट्याने नेत नाही, तीताबरोबर आणखी दोन बांधव पाठवतो आणि कारणही लिहितो: कुणी दोष ठेवू नये म्हणून (२ करिंथ ८:२०–२१). अर्पण मोजायला कायम दोघं, एकाच घरातली नकोत, दोघांच्या सह्या त्याच बैठकीत. हे न केल्याने चांगल्या माणसांची नावं खराब होतात.

पहाट
@खजिनदार, वाटा हातात येणाऱ्या पगारावर की कापाकापीच्या आधीच्या?

खजिनदार
वचनात सापडणार नाही. एक आधार निवडा आणि वर्षभर तोच ठेवा. चूक होते ती पगाराला एक हिशेब आणि बोनसला दुसरा लावल्याने. आणि होतं नव्हतं ते, दोन टोल्या (क्षुल्लक नाणी), दानपेटीत टाकणाऱ्या विधवेला हा प्रश्न पडला नव्हता, तेही लक्षात असू द्या. :)

संध्याकाळ
रोजच्या प्रार्थनेबद्दल कुणी लिहिलं नाही अजून.

सोळाव्या शतकात लोयोलाच्या इग्नेशियसने (जेझुइट संघाचा संस्थापक) दिवसाच्या परीक्षणाचे पाच टप्पे घालून दिले. त्यात पहिला आभारांचा. चुकांची उजळणी त्यानंतर. हा क्रम उलटा केला की रात्रीची प्रार्थना म्हणजे स्वतःला मारलेले फटके होतात आणि माणूस आठवड्याभरात ती टाळू लागतो.

दहा मिनिटं पुरतात. दिवस शेवटाकडून सुरुवातीकडे चाळा, तासातासाने. तीन गोष्टी निवडा, तीनच. प्रत्येकीत क्रियापद, वेळ आणि शक्य असेल तर माणूस हवा. 'आरोग्याबद्दल आभार' चालणार नाही. 'दुपारी तिखट उत्तर जिभेवर आलं होतं, तेवढ्यात फोन कट झाला आणि बोलणं टळलं' हे चालेल. पहिली दोन मिनिटं काहीही मागायचं नाही. हे ऐकायला सोपं आहे, करून बघा. तिसऱ्या वाक्याला 'आणि प्रभू, तेवढं...' सुरू होतं.

साधारण दोन आठवड्यांनी यादी सुकते. तीच चार नावं, तेच शब्द. कारण बहुतेक वेळा हेच असतं की आपण फक्त 'मिळालेल्या वस्तू' शोधत असतो. स्तोत्र १०३ ची यादी समोर ठेवा: क्षमा करतो, बरं करतो, गर्तेतून सोडवतो, दयेचा मुकुट घालतो, उत्तम गोष्टींनी तृप्त करतो. पाचात पहिली क्षमा आहे आणि आपल्या याद्यांत तीच नसते. आठवड्यातला एक दिवस फक्त तिला द्या. दुसरा दिवस 'जे वाईट झालं असतं पण झालं नाही' याला.

शेवटची पायरी लोक विसरतात: यादीत माणसाचं नाव आलं असेल तर त्याला कळवायचं. पौलाची पत्रं बघा. 'तुमच्याबद्दल मी देवाचे आभार मानतो' हे तो देवाला सांगतो आणि त्या माणसांना लिहून पाठवतो. करिंथकरांच्या बाबतीत तर ज्या वाणी-ज्ञानाच्या दानांवरून पुढे त्यांचे कान उपटायचे आहेत, त्याच दानांचे आभार पहिल्या अध्यायात आहेत. (गलतीकरांच्या पत्रात हा भाग गायब आहे. ती शांतता त्यांना ऐकू गेली असणार.)

जैतून
एक इशारा. गटात कुणी शोकात असेल, आजारी असेल, तर वरचं सगळं त्याच्यावर दगडासारखं पडू शकतं.

१ थेस्सलनीका ५:१८ मध्ये 'सर्व स्थितींत' आभार माना असं आहे. स्थितीबद्दल नव्हे, स्थितीत असताना. इफिस ५:२० मध्ये मात्र 'सर्व गोष्टींबद्दल' असा शब्दप्रयोग आहे, आणि तो लपवून चालणार नाही. पण तिथेही ते 'येशू ख्रिस्ताच्या नावाने' करायचं आहे, आणि त्याच येशूने लाजराच्या कबरेपाशी रडून घेतलं. मृत्यूबद्दल आभार मानले नाहीत; पित्याने आपलं ऐकलं याबद्दल मानले.

हबक्कूक ३:१७ मध्ये सहा गोष्टी नाहीत: अंजिराला बहर नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतं ओस, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. एवढं नुकसान तो नाव घेऊन मोजतो आणि मग म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. नुकसान गोड करून सांगत नाही.

व्यवहारात: दुःखी माणसाला 'यातही देवाचे आभार मान' म्हणू नका. त्याच्याबरोबर स्तोत्र १३ वाचा. पहिल्या दोनच वचनांत चार वेळा 'कुठवर?' आहे आणि देवाच्या उपकारांची गोष्ट अगदी शेवटी येते. तिथे पोचायला त्याला आज जमलं नाही तर स्तोत्र ८८ आहेच, ते अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. तोवर त्याच्या वतीने आभार मानायचं काम मंडळीने करावं.

एबेन-एजर
जैतून, शेवटचं वाक्य फारच महत्त्वाचं. तोच धागा धरून साक्षीबद्दल लिहितो, कारण सभेत आभार मानताना याच माणसांना सर्वाधिक जखमा होतात.

साक्ष तीन मिनिटांची असावी आणि लिहून आणावी. परिस्थिती काय होती, देवाने काय केलं, आता काय करणार, इतकंच. पहिल्या भागाला एक मिनिटापेक्षा जास्त देऊ नका. संकटाचं वर्णन रंगलं की नायक आपणच होतो. डॉक्टर, शेजारी, ज्यांनी मदत केली त्यांचा उल्लेख करा, त्याने देवाचा गौरव कमी होत नाही. दुसऱ्याचा आजार, कर्ज, संसार यातलं काही सांगायचं असेल तर आधी त्याची परवानगी घ्या. 'औषधं बंद केली' हे व्यासपीठावरून सांगू नका, ऐकणारा घरी जाऊन तेच करतो. आणि 'मी विश्वास ठेवला म्हणून' हे वाक्य तपासा. समोर तीच प्रार्थना वर्षानुवर्षं करणारं कुणीतरी बसलेलं असतं.

परूश्याची (नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातल्या माणसाची) प्रार्थनाही आभारांनीच सुरू होते (लूक १८:११): 'मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे आभार.' व्याकरणाच्या दृष्टीने ती उपकारस्तुतीच आहे. त्यामुळे तुलनेचे आभार, 'त्यांच्यापेक्षा आपलं किती बरं', मुलांना सुद्धा शिकवू नयेत. जेवायला बसताना उपाशी मुलांची आठवण करून देऊन आभार मानायला लावणं याच जातीचं आहे.

मुलांसाठी यहोशवा ४ घ्या. यार्देन नदी ओलांडताना तिच्यातून १२ धोंडे उचलून रचले, कारण पुढे मुलं विचारतील, 'हे धोंडे कशाचे?' मुलांनी विचारावं अशी वस्तू घरात हवी. एक वही, एक चौकट, काहीही, ज्यावर तारीख आणि एक ओळ. उपदेश कमी लागतो.

थोमा
नवसाचं कुणीच बोललं नाही. 'हे काम होऊ दे, मग मी अमुक करीन' हे ख्रिस्ती घरांतही चालतं.

शोमरोनी
हन्ना आणि इफ्ताह शेजारी ठेवून वाचा. निपुत्रिक हन्नेने जे मागितलं तेच परत दिलं, स्वतःच्या पोटचं मूल, आणि दूध सुटल्यावर प्रत्यक्ष नेऊन दिलं. इफ्ताहाने 'जे कोणी दारातून बाहेर येईल ते' असं मोघम बोलून दुसऱ्याचा जीव पणाला लावला; बाहेर आली ती त्याची मुलगी. नवस करायचाच तर तो स्वतःच्या खिशातून, स्पष्ट शब्दांत आणि मुदत घालून. उपदेशक ५:४–५ म्हणतो, फेडायला उशीर करू नको; बोलून न फेडण्यापेक्षा न बोललेलं बरं. आणि काम झाल्यावर खुशीने दिलेलं अर्पण मला तरी जास्त निरोगी वाटतं, त्यात सौदा नसतो.

मोहरीचा दाणा
सगळ्यांचे मनापासून आभार (क्रियापद, वेळ, माणूस: आज रात्री, तुम्ही आठ जणांनी, लिहिलंत). चार आठवडे असे लावते: पाहणं, सांगणं, देणं, दुःखात. नवस 'देणं'मध्ये घालते. एक शेवटची शंका. एखाद्याला वीस वर्षांपूर्वीचा उपकार आज आठवला, तेव्हा आभार मानले नव्हते, बोललेला शब्दही पाळला नव्हता. आता काय करायचं?

कोरा कागद
याकोब. उत्पत्ती २८ मध्ये बेथेलला नवस बोलला: देवाने सुखरूप परत आणलं तर हा धोंडा देवाचं घर होईल आणि सगळ्याचा दशमांश देईन. मग मामा लाबानाकडे वीस वर्षं. परत आला, श्रीमंत होऊन आला, आणि शखेमजवळ जमीन विकत घेऊन तिथेच राहिला. ३५ व्या अध्यायात देवालाच सांगावं लागलं, ऊठ, बेथेलला जा. देवाने उशिराबद्दल एक शब्द काढलेला नाही, फक्त जागा सांगितली.

याकोबाने मग जे केलं तेच करायचं. आधी घरच्यांना मोकळेपणाने सांगितलं की संकटाच्या दिवशी देवाने मला उत्तर दिलं होतं. जे परके देव तोवर सामानात जमले होते ते शखेमजवळच्या एला झाडाखाली पुरले. मग निघाला. तुमच्या माणसाला म्हणावं, उशीर का झाला याचं स्पष्टीकरण लांबवू नको. ज्याने तेव्हा मदत केली तो माणूस हयात असेल तर पहिलं पत्र त्याला, आणि बोललेला शब्द आजच्या ऐपतीप्रमाणे या महिन्यात पुरा कर.